पथ्याचे पान

घरातील एखाद्या स्त्रीस स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, की पहिल्या पंधरवड्यात त्या घरी तीन गोष्टी येतात : देवळातला प्रसाद, नात्यागोत्यांतील माणसे आणि पथ्याचे कागद. प्रसाद वाटला जातो, माणसे चहा घेऊन परततात. कागद मात्र मागे राहतात. जोयडा तालुक्यात आमची एक आतेबहीण राहते. वयाने आमच्याहून थोरली. तिच्या स्वयंपाकघरातील फळीवर, मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेले असे सात कागद आम्ही वाचले. एकात दूध वर्ज्य, तर दुसऱ्यात देशी गाईचे दूध अमृत. तिसऱ्यात साखर विष पण गूळ चालेल, चौथ्यात गूळही नको. पाचव्यात भातच बंद. तीस वर्षे पंक्तीच्या पंक्ती जेवू घातलेली ही बाई स्वतःच्या चुलीपुढे बसून आम्हांस विचारू लागली, "सांग रे, हांवें आतां कितें खावचें?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही वकील आहोत, वैद्य नाही. परंतु कागद वाचणे, त्यातील विधान कोणाचे, त्यास आधार कोणता आणि त्यातून गाळले काय, हे पाहणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. कथा-कवितांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. ज्या लेखनावर एका आजारी बाईचे जेवण अवलंबून आहे, त्याचेही परीक्षण व्हावयास हरकत नसावी.

या जातीच्या लेखनाचा अलीकडे सर्वांत गाजलेला नमुना नोव्हेंबर २०२४ मधला. माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसर येथे पत्रकारांपुढे सांगितले, की त्यांच्या पत्नी नवज्योत कौर यांनी स्तनाच्या कर्करोगावर आहाराच्या बळावर मात केली. साखर आणि दूधदुभते बंद, दोन जेवणांत मोठे अंतर, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस, सफरचंदाचा शिरका, असा तो क्रम होता. त्यावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी मिळून २६२ कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढले. यांपैकी काही पदार्थांवर संशोधन चालू असले, तरी ते कर्करोगावरील औषध म्हणून सांगण्याजोगा पुरावा नाही, आणि त्यांच्या भरवशावर कोणीही सिद्ध उपचार लांबवू नयेत, असा त्या पत्रकाचा आशय होता. पुढे सिद्धू यांनी खुलासा केला, की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवला होता आणि तो उपचारांस साहाय्यक समजावा.

खुलासा योग्यच होता. पण मूळ कथा जितक्या घरी पोचली, तितक्या घरी तो पोचला नाही. त्या कथेचा दोष आमच्या मते खोटेपणाचा नसून मांडणीचा आहे. त्या बाईंवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. कथेत मात्र हळद आणि कडुनिंब नायक झाले आणि शल्यवैद्य पडद्यामागे गेला. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गाठ पडली, तर आपले पूर्वज त्यास काकतालीय न्याय म्हणत. येथे तर फांदीवर कुऱ्हाडीचे घाव आधीच बसले होते, आणि श्रेय कावळ्यास गेले.

याहून गंभीर दोष दुसरा आहे. जी बरी झाली ती पथ्याने बरी झाली, असे एकदा मान्य केले, की जिचा रोग उलटला तिचे पथ्य चुकले, हे अनुमान आपोआप निघते. मग सांत्वनास आलेल्या बायका हळूच विचारतात, "तू आधी काय काय खात होतीस गो?" आमच्या बहिणीस हा प्रश्न तीनदा विचारला गेला. रोगाने शरीरास पीडा होतेच. या प्रश्नाने रुग्णास आरोपी केले जाते, आणि तेही आरोपपत्रावाचून.

आता कागदांतील कलमे एकेक करून पाहू. पहिले कलम साखरेचे. कर्कपेशी साखर फार ओढून घेतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखविले, ते खरे. परंतु शरीरातील सगळ्याच पेशी साखरेवर चालतात. आपण ती खाल्ली नाही, तर यकृत दुसऱ्या द्रव्यांपासून ती तयार करते. चहातील एक चमचा सोडल्याने गाठीची उपासमार होत नाही. ज्यांस मधुमेह आहे वा ज्यांचे वजन वाढत आहे, त्यांनी गोड आवरावे, ही गोष्ट वेगळी आणि खरी.

दुसरे कलम केवळ भाजीपाल्याचे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ३०८८ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे व चोथा पुष्कळ आणि स्निग्ध अत्यल्प, असा कडक आहार एका गटास दिला. सात वर्षांहून अधिक काळ पाहूनही, रोग उलटण्यात वा मृत्यूच्या प्रमाणात दोन गटांत फरक आढळला नाही. भाज्या निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्याकडे मागितलेले वरदान त्यांच्यापाशी नाही, एवढाच अर्थ. सोयाबीन वर्ज्य, हे तिसरे कलम. शांघायमधील ५०४२ रुग्ण स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सोयाबीनचे पदार्थ खाणाऱ्यांचे नुकसान दिसले नाही; उलट त्यांच्यात मृत्यू व रोग उलटणे कमीच आढळले.

हळदीविषयी आपल्या वाचकांच्या भावना आम्ही जाणतो; ती देवघरातही आहे आणि चुलीवरही. आमटीतली हळद कोणी सोडावयास नको. पण हळदीचा अर्क गोळ्यांत भरून घेतला, की तो अन्न राहत नाही. टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्या मोजक्या स्त्रियांची नेदरलँड्समध्ये तपासणी झाली, तीत (२०१९) अशा गोळ्यांनी, आणि मिऱ्यांचा अर्क जोडल्यावर अधिकच, औषधाचे रक्तातील प्रमाण काहीसे घटलेले दिसले. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांस सांगावे.

या कागदांच्या तुलनेस आम्ही एक जुने पुस्तक घेतो. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत प्रसिद्ध केलेली 'रसचंद्रिका' आपल्या अनेक घरी असेल. तीत पाककृतींना जोडून घरगुती औषधे आहेत, सणवारही आहेत. अन्न, औषध आणि धर्म एका घरात नांदतात, हे त्या बायकांस ठाऊक होते. पण म्हणून पाककृतीस त्यांनी औषध म्हटले नाही. पदार्थ चांगला व्हावा, खाणाऱ्यास रुचावा, हीच तेथे पाककृतीची कसोटी आहे. कागदांत रुचीचा शब्दही नाही. खाणारीच्या तोंडाला चव आहे की नाही, हे त्यांचा लेखक विचारीत नाही. आमच्या मते या सर्व लेखनातील सर्वांत मोठी उणीव हीच. केमोथेरपीच्या दिवसांत तोंडात व्रण येतात, अन्नास धातूची चव लागते, फोडणीच्या वासाने मळमळते. अशा वेळी ताजे, शिजवलेले, स्वच्छ अन्न, उकळलेले पाणी आणि पोटात जाईल तेवढी डाळ, अंडे, दही वा मासळी, हाच प्रश्न मुख्य असतो. तेव्हा वर्ज्यांची यादी वाढविणे म्हणजे दुबळ्यास आणखी दुबळे करणे होय.

कायद्याचे काय? १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस बंदी आहे. मावशीच्या सल्ल्यास बंदी नाही, आणि नसावीही. पण दुसरे एक तत्त्व येथे उपयोगी पडेल. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला, की सज्ञान रुग्ण स्वतः संमती देऊ शकत असता, तिच्या आईची संमती तिच्या संमतीच्या जागी चालत नाही. शस्त्रक्रियेच्या मेजावर जे तत्त्व लागू, ते जेवणाच्या पानावर का लागू नसावे? सल्ला अनेकांनी द्यावा, निर्णय तिचा. आणि 'याने रोग बरा होतो' असे जो म्हणेल, पुराव्याचे ओझे त्याच्या शिरावर, तिच्या नव्हे.

उपवासाचा प्रश्न आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा. आमची बहीण एकादशी सोडावयास तयार नव्हती. सोडली तर देव कोपेल, ही भीती. आम्ही तिला शास्त्रातीलच आधार दाखविला. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रकारांनी सांगितल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन आणि औषध. ज्यांनी औषधास व्रतातून मोकळीक दिली, त्यांस आजारी माणसाची दशा कळत होती. आणि मुळांचे म्हणाल, तर जोयड्याइतकी श्रीमंती इतरत्र क्वचित. माडी, कोनफळ, काटेकणगां, सुरण येथील कुणबी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या परसात जपले. त्यांचा मेळाही जोयड्यात भरतो. कंद हे कर्करोगाचे औषध आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर बरणीखाली आठवा कागद जाईल. ते ओळखीचे, मऊ शिजणारे, पोटभरीचे अन्न आहे, एवढे पुरे.

उपचारासाठी जोयड्याच्या माणसास हुबळी, बेळगाव वा गोवा गाठावे लागते. जंगलातील रस्त्याने परत येईतो बाईस बसवतही नाही. अशाच एका फेरीनंतर दोन दिवस तिने पेजेखेरीज काही घेतले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "म्हाका आज खतखतें जाय." घरात कोणीतरी पाचव्या कागदाची आठवण काढली. तिने ऐकून घेतले आणि वहिनीस तिरफळे काढावयास सांगितले. मऊ भाताबरोबर ती दोन वाट्या जेवली.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की अशा घरी जाताना कागद नेऊ नये. आज काय खावेसे वाटते, हे त्या बाईस विचारावे; डॉक्टरांची हरकत नसेल तर ते करून न्यावे; आणि तिने ते खाल्ले नाही, तर राग मानू नये.