गाळलेले प्रकरण

परीक्षण लिहायचे ते पुस्तकात असलेल्या मजकुराचे, असा रिवाज आहे. आज मी लिहीत आहे ते पुस्तकातून काढून टाकलेल्या एका प्रकरणाचे परीक्षण. रिवाज मोडण्याचे कारण घरातच घडले.

२०२३ च्या दिवाळीत नंदुरबारहून बहीण आली, सोबत दहावीतला भाचा. ताप्ती लाइनच्या गाडीने येताना नवापूर लागते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे आपल्याकडच्या मुलांना पाठ असते. त्याच ओळीवर जणू दोन पुस्तकेही वेगळी होतात. माझी मुलगी इथे सुरतेत, केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत, तीही दहावीत. फराळ आटोपल्यावर दोघांनी विज्ञानाची पुस्तके शेजारी मांडली. भाच्याच्या बालभारतीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातले पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मुलीच्या पुस्तकात नुसती 'आनुवंशिकता'. "मामा, हिचं अर्धं प्रकरण कुठं गेलं?" भाच्याने विचारले. मुलगी म्हणाली, "आम्हाला नाही ते." जणू एखादी भाजी आज केलेली नाही.

ते अर्धे प्रकरण एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकात पूर्वी होते. करोनाच्या काळात मुलांचा भार हलका करायचा म्हणून अभ्यासक्रमातून वगळले गेले, आणि २०२३ च्या छापील पुस्तकातून निघून गेले. त्याविरुद्ध १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी पत्रकावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती ठेवली होती, असे उत्तर मिळाले. पण बारावीत जीवशास्त्र घेणारी मुले किती? कापड, हिरा, वाणिज्य अशा वाटांनी जाणाऱ्या सुरतच्या मुलाची आणि या विषयाची गाठ दहावीत पडली नाही, तर पुढे पडत नाही.

पण गाळले म्हणून ते थोर, असे मानायची आपल्याला सवय आहे. जुनी प्रत मिळवून मी ते प्रकरण कादंबरी वाचावी तसे सलग वाचले. चांगले आहे, काही ठिकाणी फारच चांगले.

सुरुवातीला झुडपातल्या भुंगेऱ्यांची गोष्ट आहे. हिरव्या झुडपात लाल भुंगेरे राहतात आणि कावळे त्यांना टिपतात. एखादा हिरवा जन्मतो, तो पानांत दिसत नाही, म्हणून वाचतो, आणि हिरव्यांची वीण वाढते. इथवर कोणीही सांगेल. लेखकाची खरी समज पुढे दिसते. आता हिरव्याऐवजी एक निळा भुंगेरा जन्मतो. कावळ्याला निळाही दिसतो आणि लालही. तेवढ्यात एक हत्ती झुडपे तुडवून जातो आणि योगायोगाने उरतात ते बहुतेक निळे. वस्तीचा रंग बदलला, पण कोणी सरस ठरला म्हणून नव्हे. निवड आणि निव्वळ योगायोग यांतला हा फरक मोठमोठ्या ग्रंथांतही इतक्या थोडक्यात सांगितलेला मी पाहिलेला नाही. पुढे कोबी येतो. एका रानटी रोपातून शेतकऱ्यांनी निवडीनिवडीने पानकोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली काढली. बाजारातल्या एका टोपलीत ही सगळी भावंडे पडलेली असतात.

उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हे त्या प्रकरणात वेगळा मथळा देऊन सांगितले आहे. आपल्या भाषेत हे दोनदा सांगावे लागते, कारण दोष शब्दातच आहे. 'उत्' म्हणजे वर, आणि 'क्रांती'त पाऊल टाकणे आले. म्हणजे शब्द उच्चारताच जिना चढू लागतो आणि वरच्या पायरीवर आपण बसलेले असतो. गुजरातीतही हाच शब्द आहे, त्यामुळे इकडून तिकडे जाऊन सुटका नाही. हिंदीत 'विकास' म्हणतात, ते तर आणखी बिकट. गंमत अशी, की जुन्या वेदान्तात 'उत्क्रांती' म्हणजे प्राणाने देह सोडून निघून जाणे. गाळलेल्या प्रकरणाला तो अर्थ बरा लागू पडतो.

आता उणी बाजू. भुंगेरे कल्पनेतले आहेत. कोबी खरा, पण त्यात निवड माणसाची. खरा काळ आणि खरी हाडे येतात ती शेवटी, जीवाश्मांच्या चित्रांत. तिथे अमोनाइट आहे, ट्रायलोबाइट आहे आणि एका डायनोसॉरची कवटी आहे. ही कवटी नर्मदेच्या खोऱ्यातली, असे खाली लिहिले आहे. हा राजासॉरस, २००३ साली नाव मिळालेला, गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीचा. म्हणजे गुजरातच्या मुलापुढून जे प्रकरण उचलले गेले, त्यात त्याच्याच राज्यातला पुरावा छापलेला होता. पण एका ओळीपलीकडे प्रकरण त्याच्याजवळ थांबत नाही. तो कसा सापडला, कशावरून ओळखला, यातले काही नाही.

भाच्याच्या पुस्तकातले प्रकरण त्या मानाने हिशेबी आहे. बाह्यरूपीय पुरावे, शरीरशास्त्रीय पुरावे, अवशेषांगे, पुराजीवविषयक पुरावे, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान, असे खाने पाडलेले. परीक्षेला सोयीचे. पण दोन ठिकाणी ते मुलाची फसगत करते. कार्बन-कालमापनाची त्यात चौकट आहे. ती वाचून मुलगा समजतो, की सगळे जीवाश्म याच मापाने मोजले. कार्बन-१४ चे अर्धे आयुष्य सुमारे ५,७३० वर्षे. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे त्यात मोजण्याजोगे काही उरत नाही. कोटींचा हिशेब त्याने होत नाही. दुसरी गोष्ट 'जोडणारे दुवे'. उदाहरणे पेरीपॅटस, लंगफिश आणि प्लॅटिपस यांची, म्हणजे आज जिवंत असलेल्या प्राण्यांची. आज जिवंत असलेला प्राणी आपला समकालीन असतो. तो आपला दूरचा चुलत भाऊ, पणजोबा नव्हे. दुवा म्हटले की साखळी डोळ्यांपुढे येते. खरे चित्र फांद्यांचे आहे.

दोन्ही पुस्तकांत जे नाही ते आमच्या दारात आहे, म्हणून मला हे सारे खटकते. सुरतेपासून चाळीसेक किलोमीटरवर, मांगरोळ तालुक्यात वस्तानची लिग्नाइटची खाण. जवळच्या नानी नरोलीच्या वीजकेंद्रासाठी तिथला कोळसा काढला गेला. लिग्नाइटच्या थरांमध्ये मातीचे थर आहेत आणि त्यांत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची हाडे. गढवाल विद्यापीठाचे आर. एस. राणा, डेहराडूनचे किशोर कुमार, ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ अशोक साहनी, अमेरिकेचे केनेथ रोज आणि बेल्जियमचे थिएरी स्मिथ या मंडळींनी तिथे वर्षानुवर्षे काम केले. त्याआधी राजस्थानात शोधून त्यांच्या हाती माशांच्या थोड्या अवशेषांपलीकडे फारसे लागले नव्हते.

साडेपाच कोटी हा आकडा आला कुठून? कार्बनने नव्हे. हाडांच्या थराच्या वर न्युम्युलाइट नावाच्या समुद्री एकपेशीय जीवांची कवचे सापडतात, नाण्यासारखी चपटी. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून कोणती जात कोणत्या काळाची हे जगभरच्या थरांवरून ठाऊक आहे. त्यांच्या खाली जे गाडले गेले ते त्यांच्याहून जुने. जमिनीत शिवराई सापडली, की तिच्याखालचा थर शिवकाळानंतर विस्कटलेला नसेल तर तो तिच्याहून जुना, असे आपण म्हणतो. तर्क तोच.

त्या थरातला प्रमुख नायक कॅम्बेथेरियम. सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी त्याला २००५ मध्ये नाव दिले. अर्थ सरळ, खंभातचा पशू. मोठ्या कुत्र्याएवढ्या या प्राण्याचे दात, कमरेखालच्या जुळलेल्या मणक्यांची संख्या, हातापायांची हाडे ही सगळी मधल्या अवस्थेतली आहेत. एकीकडे त्याहून आदिम प्राणी आणि दुसरीकडे घोडा, गेंडा, टॅपिर यांचा विषमखुरी गण. २०१४ मध्ये संशोधकांनी मांडले, की या गणाचे मूळ भारतात असावे, भारतभूमी आशियाला पुरती जुळण्याआधीच्या काळात. अशा शोधाला 'घोड्याचा पूर्वज सुरतेत' हा मथळा सहज मिळतो. संशोधकांचे म्हणणे त्याहून सावध आहे. कॅम्बेथेरियम पूर्वज नव्हे, तर त्या गणाचा नामशेष झालेला जवळचा नातलग. पूर्वज आणि नातलग यांतला फरक कळणे हे या विषयाचे अर्धे शिक्षण आहे, आणि तो नेमका 'जोडणाऱ्या दुव्यां'त हरवतो.

त्याच खाणीत वटवाघळे मिळाली, बेडूक, साप, पक्षी मिळाले. आदिम वानरगणातल्या प्राण्यांची २५ हाडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राणी उंदराएवढे. लेमूरची आणि माकडांची शाखा जिथे फुटली, त्या जागेच्या अगदी जवळची ठेवण त्यांच्यात दिसते. आणि एका लहानशा समखुरी प्राण्याच्या प्रजातीचे नाव चक्क 'गुजरातिया'. तिची एक जाती 'इंडिका' आणि दुसरी, पाकिस्तानात सापडलेली, 'पाकिस्तानेन्सिस'! सीमाभागातल्या माणसाने हे नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

या पुराव्यात सगळे एकाच सुरात बोलत नाही, हेही सांगायला हवे. वस्तान आणि तडकेश्वरच्या खाणींत अंबर मिळते, म्हणजे झाडाची थिजून दगड झालेली राळ. त्यात अडकलेल्या किड्यांचा अभ्यास २०१० मध्ये आला. सातशेहून अधिक कीटक आणि तत्सम जीव, आणि त्यांचे नातलग युरोपात, आशियात, अमेरिकेतही. भारत एकाकी तरंगत होता तर हे पाहुणे आले कुठून? म्हणजे कॅम्बेथेरियम सांगतो, इथे काही वेगळे घडले. किडे सांगतात, येणेजाणे चालू होते. दोन्ही खरे कसे, यावर अभ्यासक आजही भांडतात. हे भांडण पाठ्यपुस्तकात आले असते तर मुलांना विज्ञान कसे चालते ते दिसले असते. आपल्या पुस्तकांत विज्ञान नेहमी निकाल लागल्यानंतरचे असते.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका संमेलनात केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले होते, की वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिले असे कोणी लिहून ठेवलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून उत्तर दिले. पण हा आक्षेप केवळ मंत्र्याचा नाही. आमच्या उधन्यातल्या गल्लीतही तो ऐकू येतो, मराठीत आणि गुजरातीत सारख्याच शब्दांत: पाहिले कोणी? भाच्याने त्या रात्री हेच विचारले. त्याच्या पुस्तकात प्रकरण आहे, सहा प्रकारचे पुरावे पाठ आहेत, तरी विचारले. त्याला उत्तर मिळत नव्हते, कारण खानेवारीत उत्तर नसते. उत्तर असते एखादे हाड घेऊन त्यावरून काय म्हणता येते आणि काय येत नाही, हे समोर करून दाखवण्यात. खून कोणी पाहिला नाही तरी कोर्ट निकाल देते, एवढे त्याला टीव्हीवरून ठाऊक होते. तिथून सुरुवात केली.

मग कागदावर थर काढले. खाली लिग्नाइट, वर माती, तीत हाडे, वर पुन्हा लिग्नाइट, त्याच्या वर नाण्यांसारखी कवचे. मुलगीही येऊन बसली. दोन प्रश्न तिचे होते. पहिला, शाळेची सहल तिथे का नेत नाहीत? दुसरा, कोळसा काढताना मधली माती कुठे टाकतात? मी सांगितले, यंत्राने उचलून बाजूला ढीग लावतात, नंतर त्याच मातीने खड्डा भरतात. म्हणजे जे कोणी वेळेत पाहिले नाही ते गेले? गेले, मी म्हणालो. तिने पेन्सिलीने मधल्या थरात एक लहानसा दात काढला आणि त्याला गोल केला.