क्वेरीतील घुसखोरी आणि 'अॅम्नेशिया' : एका शोधसाधनाची चिकित्सा

प्रस्तावना : यवतमाळसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात संगणकीय नोंदीला आज सातबाऱ्याइतकेच मोल आले आहे. 2017 च्या राज्यव्यापी कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरावे लागले, तेव्हापासून ही बाब गावोगावी जाणवली. अशा नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात, त्यावरील एक जुना आणि चिवट हल्ला म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. 1998 मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात त्याची जाहीर चर्चा प्रथम झाली. हा हल्ला ओळखण्यासाठी विल्यम हाफॉन्ड व अलेस्सांद्रो ओर्सो या जॉर्जिया टेकमधील संशोधकांनी 2005 मध्ये मांडलेल्या 'अॅम्नेशिया' या साधनाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्वरूप : अर्जातील रकान्यात भरलेला मजकूर प्रोग्राम जसाच्या तसा क्वेरीला जोडतो, तेव्हा दोष निर्माण होतो. नावाच्या जागी कोणी अवतरणचिन्ह मिटवून 'किंवा एक बरोबर एक' अशी सदैव सत्य अट लिहिली, तर डेटाबेस तिला मजकूर न समजता आज्ञा समजतो. अॅम्नेशिया प्रथम प्रोग्राममधील क्वेरी पाठविण्याच्या जागा हेरते आणि प्रत्येक जागी कोणत्या घाटाची क्वेरी संभवते याचा आराखडा तयार करते. पुढे प्रोग्राम चालू असताना प्रत्यक्ष क्वेरी त्या आराखड्याशी ताडून पाहिली जाते. न जुळल्यास ती रोखली जाते. नावाचा अर्थ स्मृतिभ्रंश असला तरी साधनाची सारी भिस्त स्मरणावरच आहे.

गुण : या पद्धतीचे बळ असे की, ती शब्दाला नव्हे तर रचनेला तपासते. केवळ संशयास्पद शब्द शोधणारी चाळणी 'युनियन बँक' असे बँकेचे नाव लिहिणाऱ्या अर्जदारालाही अडवू शकते, कारण 'युनियन' हा एसक्यूएलमधील आज्ञाशब्द आहे. अवतरणात बंदिस्त असलेले तेच नाव अॅम्नेशियाच्या लेखी निव्वळ मूल्य ठरते. सात वेब-प्रोग्रामांवर घेतलेल्या मूळ चाचणीत तिने केलेले सर्व हल्ले रोखले व एकही खोटा इशारा दिला नाही.

मर्यादा : तथापि हे यश जपून स्वीकारले पाहिजे. सातपैकी दोन प्रोग्राम विद्यार्थ्यांनी तयार केलेले होते आणि साधन जावा भाषेपुरते घडविलेले होते. क्वेरी अतिशय गुंतागुंतीने जुळविली जात असेल, तर आराखडा सैल पडतो आणि हल्ला त्यातून निसटू शकतो. शिवाय दोष मुळातून काढण्याचा मार्ग उपलब्ध आहे : क्वेरीचा साचा आधी आणि मूल्ये स्वतंत्रपणे पाठविणे. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव अशा रीतीने पाठविता येत नाही. तेथे मान्य नावांची यादीच लागते. म्हणून अॅम्नेशियाचे खरे स्थान, ज्यांचे पुनर्लेखन तूर्त शक्य नाही अशा जुन्या प्रोग्रामांचा पहारेकरी, एवढेच आहे.

याहून मोठी मर्यादा आपल्याच जिल्ह्यातील घटनेने लक्षात येते. 2025 च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या नावे अवघ्या काही महिन्यांत 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. हा प्रकार इंजेक्शनचा होता असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा वेगळा आहे. खोटी नोंद नेहमीच्या रकान्यांतून भरली गेली, तर तिची क्वेरी खऱ्या नोंदीच्या क्वेरीसारखीच सुघड असते. रचना तपासणारे कोणतेही साधन तिला निर्वेध जाऊ देईल. व्याकरण शुद्ध असलेले विधान सत्य असतेच असे नाही. गावाची वस्ती आणि नोंदींची संख्या यांचा मेळ घालणारी तपासणी निराळीच उभारावी लागते.

निष्कर्ष : अॅम्नेशियाने हल्ला ओळखण्याचा प्रश्न शब्दांच्या यादीतून सोडवून रचनेच्या पातळीवर नेला, हे तिचे टिकाऊ योगदान होय. परंतु ती दाराची राखण करते. किल्ली कोणाच्या हाती आहे हे पाहत नाही. ग्रामीण नोंदव्यवस्थेसाठी शोधसाधन निवडताना निर्दोष प्रोग्रामलेखन, अधिकारांचे नियंत्रण आणि नोंदींची नियमित पडताळणी यांना अग्रक्रम द्यावा आणि अशा साधनाला त्यांच्या जोडीला बसवावे. त्यांच्या जागी बसविल्यास सुरक्षिततेचा केवळ आभास उरेल आणि त्याची किंमत ज्याच्या नावाची नोंद आहे त्या नागरिकाला मोजावी लागेल.