नवा डॉक्टर आणि शंकेखोर प्रेक्षक

३१ मे २०२५ रोजी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ हा भाग दाखवला गेला. त्याच्या शेवटी शूटी गाटवाचा डॉक्टर प्रकाशाच्या लोळात नाहीसा झाला आणि त्या जागी उभी राहिली बिली पायपर. वीस वर्षांपूर्वी याच मालिकेत डॉक्टरची सोबतीण रोझ झालेली ही नटी. श्रेयनामावलीत तिचं नाव झळकलं, पण ती डॉक्टर आहे असं कुठेच म्हटलं नव्हतं. कुणाला जुना चेहरा बघून भरून आलं, कुणी कपाळाला हात लावला. ही नवी डॉक्टर की आणखी एक कोडं, असा प्रश्न पडलेले प्रेक्षकही पुष्कळ होते.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा हजारो वर्षं जगलेला परग्रहवासी. निळ्या पोलीस-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अवकाशात हिंडतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचा कायापालट होतो: चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी मात्र जुन्या. २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ही मालिका सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. १९८९ नंतर मालिका सोळा वर्षं बंद होती, मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट तेवढा आला. तरीही ती आज जिवंत आहे ती या कायापालटाच्या युक्तीमुळे. आणि प्रत्येक कायापालटानंतर ‘हा आमचा डॉक्टर नव्हे’ अशी तक्रार ठरलेली.

ही तक्रार क्वचितच त्या नटाबद्दल असते, असं मला वाटतं. नवा डॉक्टर प्रेक्षकांसमोर कसा आणायचा, ही एक स्वतंत्र कला आहे. ती मालिकेने १९६६ साली कमावली आणि गेल्या काही वर्षांत हरवली.

प्रमुख चेहरा बदलण्याची पाळी बीबीसीवर त्याआधीही आली होती. १९६१ च्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या विज्ञानमालिकेच्या लेखकद्वयीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल होते. तेच हॉइल, ज्यांच्या हाताखाली जयंत नारळीकरांनी केंब्रिजला पीएच.डी. केली. त्या विज्ञानमालिकेतली अँड्रोमेडा ज्युली ख्रिस्तीने रंगवली. पुढच्याच वर्षी आलेल्या उत्तरार्धात त्या जागी सुझन हॅम्पशर होती. कथेत त्याचं काही कारण दिलेलं नव्हतं, प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. १९६६ साली पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली तेव्हा ‘डॉक्टर हू’च्या कर्त्यांनाही हेच करता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी बदलालाच कथा केलं.

हार्टनेलच्या जागी आलेल्या पॅट्रिक ट्रॉटनची पहिली कथा, ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’, या कलेचा वस्तुपाठ आहे. नवा माणूस जुन्या डॉक्टरबद्दल तृतीयपुरुषात बोलतो. जुनी अंगठी त्याच्या बोटात राहत नाही. प्रश्न विचारला की तो उत्तराऐवजी बासरी वाजवतो. सोबतच्या दोघांपैकी पॉली त्याला मानायला तयार होते; बेन मात्र हा तोतयाच आहे म्हणून अडून बसतो. म्हणजे घरोघरी जो वाद चालला असेल तोच पडद्यावर चालू आहे, आणि बेनला कुणी मूर्ख ठरवत नाही. मग एक डालेक, डॉक्टरचा हाडवैरी, त्याच्याकडे आपला नेत्रदांडा वळवतो आणि त्याला ओळखतो. मित्राला पटलं नाही ते शत्रूने सिद्ध केलं! इतकी हुशार पटकथा असूनही बीबीसीच्या तेव्हाच्या प्रेक्षक-पाहणीत नव्या डॉक्टरला विदूषक म्हणणारे सूर उमटलेच. पण ट्रॉटन तीन वर्षं टिकला आणि त्याच्या टिकण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. या कथेच्या सहाही भागांची चित्रं नंतर नष्ट झाली, हे दुर्दैव. आज तिचा आवाज शिल्लक आहे आणि त्यावर २०१६ मध्ये बेतलेलं अ‍ॅनिमेशन.

मालिकेने ही रीत पुढे वेगवेगळ्या प्रकारे वापरली. २००५ च्या नाताळ विशेष भागात डेव्हिड टेनंट बराच वेळ चक्क झोपलेला आहे. पृथ्वीवर संकट कोसळतं, रोझ रडकुंडीला येते, आणि हा गृहस्थ पायजम्यात. तो उठेपर्यंत आपणच त्याची वाट पाहू लागतो. २०१० मध्ये मॅट स्मिथ आला तेव्हा वय वर्षे सव्वीसला निवडलेलं हे पोरगं काय डॉक्टर होणार, असं म्हटलं गेलं होतं. त्याच्या पहिल्या भागात एक लहान मुलगी त्याची बारा वर्षं वाट पाहते, तिचा विश्वास उडतो, आणि तो त्याला परत मिळवावा लागतो. शेवटी आधीच्या सगळ्या चेहऱ्यांच्या चित्रातून स्मिथ चालत पुढे येतो. पुढे त्याच्या जागी पंचावन्न वर्षांचा पीटर कपाल्डी आला, तेव्हा सोबतीण क्लारा आपल्या म्हाताऱ्या झालेल्या मित्राकडे बघून गोंधळली. त्यावर जुन्या डॉक्टरचा फोन येतो: याला सांभाळून घे. मला ही क्लृप्ती जरा जास्तच गोड वाटते. पण क्लाराची नाराजी तासभर खरीखुरी ठेवल्यावर तेवढी साखर चालून जाते.

उलटं उदाहरण १९८४ चं. कॉलिन बेकरच्या ‘द ट्विन डायलेमा’ या पहिल्याच कथेत नवा डॉक्टर कायापालटाच्या भ्रमात सोबतिणीचा, पेरीचा, गळा आवळतो. अंगात डोळ्यांना झोंबणारा रंगीबेरंगी कोट. डॉक्टर हळूहळू आवडता होईल, अशी योजना होती म्हणे. पण ही कथा हंगामाच्या शेवटी लावल्यामुळे ती कडू चव घेऊन प्रेक्षक नऊ महिने बसून राहिले. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने २००९ मध्ये तोवरच्या २०० कथांवर वाचकांचा कौल घेतला. त्यात ही कथा शेवटची आली, आणि तिच्या लगेच आधीची, पीटर डेव्हिसनच्या निरोपाची ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली! १९८६ मध्ये बेकरला काढून टाकलं. १९९९ पासून निघालेल्या श्राव्यनाटकांत त्याच माणसाने तोच डॉक्टर इतका समजूतदारपणे उभा केला, की दोष नटाचा नव्हता हे त्याच्या निंदकांनाही कबूल करावं लागलं.

डॉक्टर झालेल्या पहिल्या बाईचं, जोडी व्हिटेकरचं, प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं. जुलै २०१७ मध्ये विम्बल्डनच्या पुरुष अंतिम सामन्यानंतर तिची निवड जाहीर झाली आणि एकही भाग न पाहता दोन फळ्या पडल्या. मुलांसमोरचा एक आदर्श गेला, असा सूर खुद्द पीटर डेव्हिसनने लावला. कॉलिन बेकरने त्याला जाहीर विरोध केला. या गदारोळात जे राग धरून होते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन हजार वर्षं अंग बदलत आलेल्या परग्रहवासीयाला बाईचं शरीर वर्ज्य का, याला धड उत्तर कुणाकडेच नव्हतं. ऑक्टोबर २०१८ चा तिचा पहिला भाग एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. म्हणजे लोक बघायला आले होते. पुढच्या तीन वर्षांत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. या काळात सगळ्याच वाहिन्यांचा प्रेक्षक घटला हे खरं, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

तिच्या तिन्ही सोबत्यांपैकी जुना डॉक्टर कुणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे शंका घ्यायला पडद्यावर बेन नाही, क्लारा नाही. प्रेक्षकाचा प्रश्न प्रेक्षकाकडेच राहिला, आणि तो विचारणारे सगळे एकाच टोपलीत टाकले गेले. पहिल्या हंगामात डालेकही नव्हते. ते थेट १ जानेवारी २०१९ च्या विशेष भागात आले. शत्रूकडून ओळख पटवण्याची सोयही गेली. त्यात लेखणी कच्ची. अपवाद म्हणजे विनय पटेलांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा ऑगस्ट १९४७ च्या फाळणीवरचा भाग. मुसलमान उंब्रीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न, आणि प्रेमच्या भावाने धरलेली द्वेषाची वाट. तिथे डॉक्टरचं हतबल उभं राहणं अंगावर येतं, कारण इतिहास बदलता येत नाही हीच कथेची व्यथा आहे. पण पुढच्याच आठवड्यातल्या ‘करब्लॅम!’मध्ये माणसांना यंत्रासारखी राबवणारी महाकाय कंपनी समोर असताना डॉक्टर व्यवस्थेचीच बाजू घेते. हार्टनेलपासून कपाल्डीपर्यंत बहुतेकांनी ती कंपनी संध्याकाळपर्यंत जमीनदोस्त केली असती. व्हिटेकरचा चेहरा बोलका आहे, तिला विनोद जमतो. रागवायला मात्र तिला लेखकांनी दिलंच नाही.

गाटवाच्या वाट्याला वेगळं दुर्दैव आलं. त्याच्याआधी टेनंटला परत बोलावलं, आणि डिसेंबर २०२३ च्या ‘द गिगल’मध्ये जुना डॉक्टर न संपताच त्याच्या अंगातून नवा बाहेर पडला. जुना आपली जुनी सोबतीण डोना हिच्या घरी सुखात राहिला. ज्याला निरोपच द्यायचा नाही त्याच्या जागी आलेल्याचं स्वागत कसं करणार? गाटवा समर्थ नट आहे यात मला शंका नाही. ‘बूम’मध्ये तो जवळजवळ सगळा भाग सुरुंगावर एक पाय ठेवून एकाच जागी उभा आहे आणि नजर हलू देत नाही. ‘डॉट अँड बबल’च्या शेवटी गोरी तरुण मंडळी केवळ त्याच्या वर्णामुळे त्याची मदत नाकारतात, तेव्हा त्याचं ते हसणं आणि किंचाळणं या मालिकेच्या उत्तम क्षणांत जाईल. पण त्या भागात तो असतो किती वेळ? दुसऱ्या मालिकेचं चित्रीकरण चालू असल्याने त्याच्या पहिल्या हंगामातल्या आठपैकी दोन भागांत तो नावापुरता आहे. एकूण दोन हंगाम, नाताळचे विशेष भाग, आणि डालेकांशी एकही पूर्ण सामना नाही.

दुसऱ्या हंगामात शंका घेणारं पात्र अखेर मिळालं. केरळात जन्मलेल्या वरदा सेतूची बेलिंडा चंद्रा ही परिचारिका डॉक्टरच्या मोहात पडत नाही. न विचारता माझी तपासणी का केलीस, असं त्याला सुनावते आणि मला घरी सोड म्हणते. ‘लक्स’ या भागात तर मालिकेचे तीन चाहतेच पात्रं म्हणून आले. तो लाडीगोडीचा मामला मजेदार आहे, पण चाहत्यांना गोंजारणं वेगळं आणि शंकेखोराला बोलू देणं वेगळं. शेवटच्या कथेत बेलिंडाला अचानक एका मुलीची आई करून तिचं भांडणच मिटवून टाकलं. त्या हंगामावरची सर्वांत रास्त टीका हीच आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेशी असलेली भागीदारी संपल्याचं आणि २०२६ च्या नाताळासाठी मालिकेचे सूत्रधार लेखक रसेल टी. डेव्हीस विशेष भाग लिहिणार असल्याचं बीबीसीने जाहीर केलं. टेनंट परत, मग पायपर परत: नव्या चेहऱ्यावर भरवसा उरला नाही की मालिका जुन्यांच्या कपाटात हात घालते. पुढचा डॉक्टर पुरुष असो वा बाई, गोरा असो वा सावळा, माझी मागणी तीनच गोष्टींची आहे: अनोळखी नट, त्याच्यावर विश्वास न ठेवणारी एक शहाणी सोबतीण, आणि पहिल्याच कथेत एक डालेक.