पानावरचा वेळ

आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा वेबसाइटच्या हिशेबाशी काय संबंध? संबंध आहे. काळ म्हणजे काय, आणि तो मोजतो म्हणजे आपण नेमकं काय मोजतो, हा आमचा फार जुना धंदा आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी बातम्यांच्या एका संकेतस्थळावर काम करते. दर आठवड्याला तिच्यासमोर एक तक्ता येतो, कुठल्या लेखावर वाचक सरासरी किती सेकंद थांबले त्याचा. तिचा टँकरच्या पाण्यावरचा लेख त्या तक्त्यात खाली गेला. पुढचा तसा लेख तिला मिळेल का, हे आता तो तक्ता ठरवणार. म्हणून मी त्या तक्त्याकडे परीक्षक म्हणून बघायचं ठरवलं. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं मापाचंही करावं.

आधी हे सेकंद येतात कुठून? गूगल ॲनालिटिक्सची जुनी पद्धत, जी १ जुलै २०२३ पासून बंद होत गेली, ती साध्या वजाबाकीची होती. समजा तुम्ही दहा वाजता एक पान उघडलं, दहा वाजून तीन मिनिटांनी दुसऱ्या पानावर गेलात. पहिल्या पानाचा वेळ तीन मिनिटं. दुसरं पान तुम्ही पंचवीस मिनिटं मन लावून वाचलंत आणि फोन खिशात टाकलात. त्या पानाचा वेळ किती? पुढचं पान उघडलंच नाही, त्यामुळे वजाबाकी करायला दुसरा आकडा नाही. नोंदच नाही. आणि समजा तुम्ही एकच लेख वाचायला आलात, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात आणि गेलात, तर तुमच्या सगळ्या भेटीचा काळ शून्य! उंबरठ्यावरून परत फिरलेला माणूस आणि जेवून, तृप्त होऊन गेलेला माणूस, दोघांची नोंद एकाच खात्यात. वर्षानुवर्षं लोकांनी याच आकड्यांवर माना डोलावल्या.

नवी पद्धत सुधारलेली आहे, हे कबूल करायला पाहिजे. पान पडद्यावर समोर असेल तेवढाच वेळ ती धरते. भेट दहा सेकंदांहून लांबली, किंवा दोन पानं पाहिली, किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी क्रिया केली, तर ती भेट 'गुंतलेली' मानते. पण पान समोर असणं म्हणजे वाचणं का? बृहदारण्यक उपनिषदात फार साधं निरीक्षण आहे: मन दुसरीकडे असलं की डोळ्यांसमोरचं दिसत नाही, कानावर पडलेलं ऐकू येत नाही. आपल्या नैयायिकांनी त्याचं शास्त्रच केलं. इंद्रियाचा विषयाशी संबंध पुरत नाही, मनाचा इंद्रियाशी संबंध व्हावा लागतो, तेव्हा ज्ञान होतं. यंत्राला पडदा आणि पान यांचा संबंध कळतो. मनाचा दुवा त्याच्या हिशेबात नाही. चहा उतू गेला म्हणून तुम्ही उठलात, पान उघडंच राहिलं, काटा काही काळ चालूच.

बरं, जास्त वेळ म्हणजे चांगलं, हे तरी कुणी ठरवलं? आपल्याकडचा शेतकरी सोयाबीनचा आजचा भाव बघायला पान उघडतो. भाव दिसला, फोन बंद, वीस सेकंद. ते पान उत्तम. तोच भाव सापडायला त्याला चार मिनिटं लागली, मध्ये तीन जाहिराती आल्या, तर तक्त्यात पान वर जातं आणि शेतकरी शिव्या देतो. कोशाचंही तसंच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली, आणि आज तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. शब्द शोधला, अर्थ मिळाला, माणूस आपल्या कामाला लागला. मराठी विश्वकोशाचं काम १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं, पहिला खंड यायला १९७६ उजाडलं. इतक्या कष्टाने तयार झालेल्या नोंदीवर वाचक चाळीस सेकंद थांबला, म्हणून ती नोंद नापास? कोशाचं यशच मुळी वाचकाला लवकर सोडण्यात आहे.

मला इथे तेरचे गोरोबाकाका आठवतात. आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे गोष्ट तुम्हा सर्वांना पाठ आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, कोण पक्कं, कोण कच्चं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. कीर्तनात ही गोष्ट अहंकाराची म्हणून सांगतात. मी ती मापाची म्हणून वाचतो. सगळी मडकी एकाच आव्यात, एकाच वेळी, तितकाच वेळ असतात. तरी कडेचं एखादं कच्चं राहतं, मधलं भाजून निघतं. म्हणून कुंभार आव्यातले तास विचारत नाही, वाजवून बघतो. आता मडक्यांना जर कळलं असतं की फक्त तास मोजले जाणार आहेत, तर ती आव्यात नुसती बसून राहिली असती! आपल्या बातम्यांचं तेच झालं आहे. उद्या शाळेला सुट्टी आहे की नाही, एवढं एक वाक्य, पण ते सातव्या परिच्छेदात. वर सुट्टीचा इतिहास, पावसाचं वर्णन, 'जाणून घ्या सविस्तर'. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलन धोरणाच्या संदर्भात दाखवलं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा पूर्वीसारखा वागेनासा होतो. बँकेसाठी काढलेला निष्कर्ष बातमीला तंतोतंत लागू पडला.

यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला महत्त्व दिलं. हेतू वाईट नव्हता. फसवे मथळे लावून क्लिक मिळवणाऱ्यांना आळा बसावा, हा होता. थोडा बसलाही. मग तीन मिनिटांची गोष्ट अकरा मिनिटं सांगणारे निपजले. (आमच्या पिढीत वेळेचं बंधन न पाळणारे वक्ते होतेच, पण त्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते.)

मराठीची एक वेगळी अडचण आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. लेखावर लिहिलेलं असतं, 'चार मिनिटांचे वाचन'. हे शब्द मोजून काढतात. मीडियम हे इंग्रजी संकेतस्थळ मिनिटाला सुमारे २६५ शब्द धरतं. पण मराठी शब्द म्हणजे इंग्रजी शब्द नव्हे. 'शेजारच्यांनासुद्धा' हा आमचा एक शब्द, इंग्रजीत त्याला तीन-चार लागतील. तेच भागाकाराचं गणित मराठीला लावलं तर अपेक्षित वेळ कमी निघतो. वाचक सावकाश वाचत असतो, आणि तक्ता म्हणतो, अपेक्षेपेक्षा जास्त रमला! खोटं दूषण जसं मिळतं तसं हे खोटं कौतुक.

तर मग हा आकडा फेकून द्यायचा का? नाही. मोठ्या लेखावरून शेकडो लोक पाच सेकंदांत परत जात असतील, तर मथळ्याने फसवलं आहे किंवा पान उघडतच नाही, हे शोधायलाच हवं. ताप मोजतात तसा तो मोजावा. पण सरासरी बघू नये. नऊ जण दहा-दहा सेकंद थांबले आणि एक जण वीस मिनिटं, तर सरासरी दोन मिनिटांच्या वर जाते, आणि दोन मिनिटं थांबलेला माणूस त्यात एकही नसतो. तिला मी सांगितलं, सरासरी बाजूला ठेव, आकडे सुटे सुटे माग. टँकरच्या लेखावर ते शेवटचे वीस मिनिटंवाले किती होते, ते विचार. आणि त्यातले किती जण पुढच्या महिन्यात तिच्याच नावाचा लेख शोधत परत आले, तेही. तिने विचारलं आहे. तो तक्ता अजून तिला मिळालेला नाही.