आदर्श भाषक कोणत्या वस्तीत राहतो?

नोम चॉम्स्की हे नाव आमच्या कार्यकर्त्यांना माहीत आहे ते अमेरिकेच्या युद्धखोरीचे टीकाकार म्हणून. त्यांचे भाषाशास्त्र आपण विद्यापीठातल्या पंडितांकडे सोडून दिले. हे आपल्याला परवडणारे नाही असे मला वाटते. मूल भाषा कशी शिकते, हा चॉम्स्कींचा प्रश्न आहे. आणि नेमक्या याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरावर आपल्या कित्येक पिढ्यांची शाळेतली मानहानी उभी आहे.

१९५७ साली त्यांचे 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' आले आणि १९५९ साली त्यांनी बी. एफ. स्किनर यांच्या 'व्हर्बल बिहेविअर'चे परीक्षण लिहिले. भाषा ही सवय आहे, उद्दीपन-प्रतिसाद-शाबासकी यांतून ती अंगवळणी पडते, हे स्किनर यांचे म्हणणे त्यांनी मोडीत काढले. त्यासाठी आपल्या घरातला दाखला पुरेसा आहे. तीन वर्षांचे पोर 'मी करलं' म्हणते. घरात सगळे 'केलं' म्हणतात. मग पोराने हे आणले कोठून? 'धर'चे 'धरलं', 'भर'चे 'भरलं' हे ऐकून त्याने नियम शोधला आणि तो 'कर'ला लावला. नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही. व्याकरण रचणाऱ्यालाच जमते.

ही क्षमता जन्मजात किती आणि ऐकण्या-वागण्यातून घडलेली किती, यावर मायकेल टोमासेलो यांच्यासारख्यांनी पुढे कडाडून हरकत घेतली. तो वाद मिटलेला नाही. पण आपल्या कामाची गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे: महारवाडा असो, मांगवाडा असो की पारध्यांचे पाल, तिथले मूल शाळेच्या वयाला येईतो आपल्या बोलीचे व्याकरण आत्मसात करून बसलेले असते. मोडकी मातृभाषा घेऊन कोणी शाळेत येत नाही.

वऱ्हाडात 'काळा', 'डोळा', 'शाळा' यांचे 'काया', 'डोया', 'शाया' होते. तोही नियमच. आणि 'पानी'! या एका शब्दावरून आपली किती पोरे वर्गात हसण्यावारी नेली गेली असतील. हिंदीत 'पानी' शुद्ध, मराठीत अशुद्ध. ज्या संस्कृत 'पानीय'पासून हा शब्द आला त्यातही 'न'च आहे. तेव्हा दोष अक्षराचा नसून ते कोणाच्या तोंडून येते त्याचा आहे, हे उघड आहे.

इथवर चॉम्स्की आपल्या बाजूचे. माझे भांडण १९६५ सालच्या 'ॲस्पेक्ट्स ऑफ द थिअरी ऑफ सिंटॅक्स'शी आहे. तिथे ते अभ्यासासाठी एक आदर्श भाषक गृहीत धरतात. तो पूर्णतः एकजिनसी समाजात राहतो आणि आपली भाषा त्याला निर्दोष येते. शास्त्राला अमूर्तीकरण करावे लागते हे मला मान्य आहे. पण असा समाज मी पाहिलेला नाही. आमच्या गावाला गावकूस होते. डेल हाइम्ज यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता: कोणी, कोणाशी, कोठे, काय बोलावे याचे ज्ञानही भाषेच्या ज्ञानातच मोडते. खालमानेने 'जोहार मायबाप' म्हणायला आमच्या आज्यापंज्यांना कोणते व्याकरण शिकावे लागले असेल!

मुलाच्या कानावर भाषा पडते आणि ते व्याकरण रचते, असे हा सिद्धान्त धरून चालतो. आपल्या देशात कानावर काय पडू द्यायचे याचाच कायदा होता. वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतावा, असे गौतम धर्मसूत्र सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवले. मेंदूची क्षमता सर्वांना सारखी होती. कुलूप बाहेरून होते.

दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले त्या अमेरिकन काळ्यांचा अनुभव इथे पडताळून पाहण्यासारखा आहे. काळ्या मुलांना धड भाषाच नसते, असे तिथले काही शिक्षणतज्ज्ञ लिहीत होते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ सालच्या निबंधात त्याला उत्तर दिले. हार्लेममधला आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एका शब्दात उत्तरे देई. मुलाखत घेणारा पुढच्या वेळी बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या मित्राला बोलावले आणि स्वतः जमिनीवर बसला. पोरगा थांबेना. काळ्यांच्या इंग्रजीत 'इज' गळते तेही कुठेही नाही. प्रमाण इंग्रजीत जिथे ते आखडता येते तिथेच गळते. १९७९ साली ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायालयाने, वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या बोलीची दखल घ्या, असा आदेश शाळाखात्याला दिला.

आमच्याकडे हा प्रश्न न्यायालयात सोडाच, शिक्षकांच्या खोलीतही निघत नाही. कारण प्रमाण मराठी ही सगळ्यांची मातृभाषा आहे असे समजून पुस्तके लिहिली जातात. आपल्या मुलांसाठी ती दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या चुकांतही पद्धत असते, त्या त्याच्या वाटचालीच्या खुणा असतात, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते. स्टीफन क्रॅशन यांच्या इतर मतांवर पुष्कळ टीका झाली आहे. पण धास्तावलेल्या शिकणाऱ्याच्या मनापुढे एक गाळणी उभी राहते आणि ऐकलेले आत झिरपत नाही, ही त्यांची गोष्ट आपल्या कोणत्याही पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला विचारावी.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, मग प्रमाण भाषा हवीच कशाला? हे मला पटत नाही. अर्ज, निकालपत्र, कायदा त्या भाषेत आहेत. ती आपल्या मुलांना पुरती आली पाहिजे. मी वर्गात फळ्याचे दोन भाग करतो. एका बाजूला मुले घरी बोलतात ते वाक्य, दुसऱ्या बाजूला परीक्षेत लिहायचे ते. दोन्हींचे नियम मुलेच शोधतात. 'शाया'चा नियम त्यांना आधी सापडतो, आणि मग 'शाळा' लिहिताना त्यांचा हात अडत नाही.