हार्वी कर्ट्झमन : संपादकाचे कर्तृत्व आणि त्याचे मोल

कादंबरीचे किंवा कवितेचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हा प्रश्न समीक्षकाला सहसा पडत नाही. चित्रकथेच्या बाबतीत मात्र तो पहिल्याच पानावर उभा राहतो. एकाने कथा रचलेली असते, दुसऱ्याने पेन्सिलीने चित्रे काढलेली असतात, तिसऱ्याने त्यांवर शाई फिरवलेली असते, अक्षरे आणि रंग आणखी कोणाचे तरी असतात. आणि या सर्वांवर देखरेख करणारा एक संपादक असतो. अशा कृतीत लेखक कोणास म्हणावे? अमेरिकन चित्रकथेच्या इतिहासात या प्रश्नाचे अत्यंत स्पष्ट, आणि तितकेच क्लेशदायक, उत्तर हार्वी कर्ट्झमन (१९२४–१९९३) याच्या कारकिर्दीत मिळते. तो चित्रकार होता, कथालेखकही होता. परंतु त्याची प्रतिभा पूर्णत्वाने प्रकट झाली ती संपादनात. आणि त्याच्या कारकिर्दीची जी हानी झाली तीही या प्रतिभेच्या पोटातूनच झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या मताची तपासणी येथे करावयाची आहे.

कर्ट्झमनचा जन्म ३ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवा आटोपून परतल्यावर १९४६ पासून तो ‘टाइमली’ या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांसाठी ‘हे लुक!’ या नावाची एकपानी विनोदी चित्रमालिका काढू लागला. मासिकातील रिकामी पाने भरण्यापुरतेच या मालिकेचे प्रयोजन होते. तथापि चौकट म्हणजे केवळ चित्राची सीमा नसून काळ मोजण्याचे साधन आहे, ही जाणीव तिच्यात आधीच दिसते. एका चौकटीतून दुसरीत जाताना वाचकाची दृष्टी किती क्षण रेंगाळावी, याचा हिशोब तो येथेच शिकला. पुढील सर्व कार्याचे मूळ या हिशोबात आहे.

१९५० च्या सुमारास तो विल्यम गेन्स याच्या ‘ई. सी.’ या संस्थेत आला. तेथील दुसरा संपादक ॲल फेल्डस्टाइन हा भयकथांची व विज्ञानकथांची मासिके चालवीत असे. कर्ट्झमनकडे प्रथम ‘टू-फिस्टेड टेल्स’ (१९५०) आणि पुढे ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ (१९५१) ही मासिके आली. कोरियातील युद्ध नुकतेच पेटले होते, आणि ही दोन्ही मासिके युद्धकथांची झाली. या दोन संपादकांच्या पद्धतींतील भेद मुळापासूनचा आहे. फेल्डस्टाइन कथा लिहून तिचा मजकूर पानावर आधीच अक्षरांकित करवून घेई आणि उरलेल्या जागेत चित्रकाराला मोकळीक देई. मजकूर भरपूर असे, आणि पुष्कळदा चित्रात जे दिसते तेच शब्द पुन्हा सांगत. कर्ट्झमन कथा लिहिताना तिची पाने स्वतः रेखाटी. कोणती आकृती कोठे उभी राहील, दृष्टिकोन किती उंचीवरून असेल, कोणत्या चौकटीत शब्द नसतील, हे सर्व तो ठरवी. मग चित्रकारासमोर बसून संपूर्ण कथा हावभावांसह वाचून दाखवी. चित्रकाराने आराखडा सोडून जाऊ नये, अशी त्याची अपेक्षा असे. जॅक डेव्हिससारख्यांनी ही शिस्त मनापासून स्वीकारली. जॉन सेव्हरिनसारख्या, स्वतः इतिहासाचा आणि शस्त्रास्त्रांचा व्यासंग असलेल्या चित्रकाराला ती जाचक झाली.

ही शिस्त हा निव्वळ अहंकार होता काय? तसे म्हणणे सोपे आहे, परंतु कथांकडे पाहता ते टिकत नाही. या मासिकांसाठी तो आठवडेच्या आठवडे ग्रंथालयांत घालवी, सैनिकांना भेटे. एका कथेसाठी त्याने जेरी डिफुचिओ या आपल्या सहायकाला पाणबुडीतून फेरी मारावयास पाठविले होते. यामागचे कारण नैतिक स्वरूपाचे होते. तत्कालीन युद्धकथांत युद्ध हे मर्दानी मौजेचे साधन होते. शत्रू हसत हसत मारण्याजोगा असे आणि नायकाला जखम होत नसे. मुलांच्या हाती दिले जाणारे हे चित्र खोटे आहे, असे कर्ट्झमनला वाटे. खोट्या चित्राला उत्तर द्यावयाचे तर चित्रातील प्रत्येक तपशील खरा हवा.

‘रबल!’ या १९५१ मधील कथेचा नायक अमेरिकन सैनिक नाही. तो एक कोरियन शेतकरी आहे. तो मातीचे घर कसे बांधतो, हे कर्ट्झमन घाई न करता, एखाद्या कारागिराच्या आस्थेने दाखवितो. मग युद्ध येते आणि घर व कुटुंब नाहीसे होते. बांधकामाचा तपशील इतका का, हे शेवटी कळते. जे उभे राहताना पाहिले तेच कोसळले म्हणजे खरे कोसळते. ‘कॉर्प्स ऑन द इमजिन!’ (१९५२) ही कथा त्याने लिहिली आणि स्वतःच चितारली. नदीकाठी बसलेला एक अमेरिकन सैनिक वाहत जाणारे एक प्रेत पाहतो आणि आधुनिक युद्धात माणसे दुरूनच मारली जातात, असा विचार करतो. एवढ्यात एक उत्तर कोरियन सैनिक त्याच्यावर झडप घालतो. झटापटीच्या अखेरीस अमेरिकन त्याचे डोके पाण्याखाली दाबून ठेवतो. या ठिकाणी चौकटी जवळजवळ सारख्याच आकाराच्या होतात, शब्द तुटक होऊन पुन्हा पुन्हा येतात, आणि ठोक्यामागून ठोका पडावा तशी मृत्यूची लय उमटते. त्यानंतर एक नवे प्रेत वाहू लागते. पहिल्या प्रेताविषयीचा तर्क किती पोकळ होता, हे कोणीही बोलून दाखवीत नाही. नदीच ते दाखविते. ‘बिग इफ!’ या कथेत एक एकाकी सैनिक रस्त्याकडेच्या कोरियन देवखांबांसमोर बसून ‘जर असे केले नसते तर’ या विचारात गुंतलेला दिसतो. तो मरणाच्या दारात आहे, हे वाचकाला शेवटी उमगते. या कथांचा आशय त्यांच्या घाटापासून वेगळा काढता येत नाही. चौकटींची लय दुसऱ्याच्या हाती दिली असती तर कथाच बदलली असती. येथे संपादकाचा हट्ट कलेच्या गरजेतून आला होता, हे मान्य करणे भाग आहे.

मात्र या पद्धतीला वेळ फार लागे, आणि ‘ई. सी.’मध्ये संपादकाची प्राप्ती मासिकांच्या संख्येवर अवलंबून असे. फेल्डस्टाइनच्या मासिकांच्या मानाने कर्ट्झमनची दोनच मासिके होती. ज्याला संशोधन लागणार नाही असे एखादे विनोदी मासिक काढून त्याने आपली प्राप्ती वाढवावी, या विचारातून १९५२ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरचा अंक घेऊन ‘मॅड’ जन्मास आले. एका ऐहिक अडचणीतून विसाव्या शतकातील एक महत्त्वाचे विडंबनपत्र निघाले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वरवर पाहता युद्धकथा आणि ‘मॅड’ यांत काही नाते दिसत नाही. वस्तुतः दोहोंची प्रेरणा एकच आहे. युद्धकथांत कर्ट्झमनने खोट्या चित्राच्या जागी खरे चित्र ठेवले. ‘मॅड’मध्ये त्याने खोटे चित्रच इतके नेटके गिरवले की त्याचा खोटेपणा आपोआप उघडा पडावा. चौथ्या अंकातील (१९५३) ‘सुपरड्युपरमॅन!’ हे याचे उत्तम उदाहरण होय. वॉली वुडने काढलेल्या या कथेत महाबलाढ्य नायक वृत्तपत्र-कचेरीतील एका पोऱ्याच्या हाताखालचा मदतनीस असतो. प्रतिस्पर्ध्याला तो बळाने न हरवता क्षुल्लक युक्तीने हरवितो, आणि आपले खरे रूप प्रकट केल्यावरही प्रेयसी त्याला झिडकारते. बळ आले म्हणून माणूस मोठा होत नाही, हा त्यातील बोचरा बोध. शिवाय दोन प्रकाशनसंस्थांमध्ये आपापल्या महानायकांवरून झालेल्या न्यायालयीन वादाचीही कथेत थट्टा आहे. १९५५ च्या प्रारंभी आलेल्या ‘मिकी रोडंट!’मध्ये डिस्नेच्या प्राणिसृष्टीतील एका प्राण्याला पांढरे हातमोजे घातले नाहीत म्हणून पोलिस पकडून नेतात. संकेताला कायद्याचे रूप दिले की तो किती विचित्र दिसतो!

येथे एक गोष्ट आपल्या मताच्या विरुद्ध जाते, ती टाळून चालणार नाही. या कथेचा, आणि ‘मॅड’मधील अनेक उत्कृष्ट विडंबनांचा, चित्रकार विल एल्डर हा कर्ट्झमनचा शाळेपासूनचा मित्र. तो आराखडा पाळी, परंतु चौकटींच्या कोनाकोपऱ्यांत मूळ योजनेत नसलेल्या पाट्या, जाहिराती, चिमुकल्या आकृती आणि असंबद्ध गमती खच्चून भरी. कर्ट्झमनने त्या खोडल्या नाहीत. परिणाम असा की कथेची सरळ रेषा एका मनाची आणि तिच्या भोवतीची गजबज दुसऱ्याची, असा दुहेरी विनोद पानावर नांदू लागला. संपादकाची सत्ता तिला कोणी निर्मितिक्षम प्रतिसाद दिला तेव्हा अधिक फळली, असा याचा अर्थ होतो. कर्ट्झमनचे मोठेपण आराखड्यात आहेच. परंतु एल्डरला ओळखण्यात आणि त्याला अडविण्याचा मोह आवरण्यात ते अधिक आहे.

१९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे चित्रकथांच्या दुष्परिणामांची चौकशी झाली. गेन्सची साक्ष त्याच्याच अंगाशी आली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली आणि ‘ई. सी.’ची मासिके एकामागून एक बंद पडत गेली. ‘मॅड’ मात्र २४ व्या अंकापासून (जुलै १९५५) मोठ्या आकाराचे, पंचवीस सेंट किमतीचे नियतकालिक झाले आणि संहितेच्या कक्षेबाहेर राहिले. हे रूपांतर कर्ट्झमनच्या आग्रहाने झाले. दुसरीकडून नोकरीचे बोलावणे आलेल्या संपादकाला टिकविण्यासाठी गेन्सने ते मान्य केले. पुढच्याच वर्षी कर्ट्झमनने मालकीचा एक्कावन टक्के वाटा मागितला. गेन्सने नकार दिला. कर्ट्झमन बाहेर पडला. संपादकपदी फेल्डस्टाइन आला आणि त्याने ‘मॅड’चा खप वीस लाखांच्या पलीकडे नेला.

या मागणीकडे चरित्रकार बहुधा व्यवहारातील घोडचूक म्हणून पाहतात. ती चूक होतीच. परंतु तिच्यातील तर्क समजून घेतला पाहिजे. तत्कालीन व्यवस्थेत पाने, पात्रे, नाव, सर्व काही प्रकाशकाचे असे. ज्याच्या मनात मासिकाचे प्रत्येक पान आधी उमटे, त्याचा कायद्याने त्यावर काहीच अधिकार नव्हता. कर्तृत्वाला मान्यता मिळण्याचा मार्ग उपलब्ध नसल्याने त्याने ते मालकीच्या भाषेत मागितले.

त्यानंतरची वर्षे पाहिली म्हणजे मन खिन्न होते. ह्यू हेफ्नरच्या आश्रयाने निघालेले उंची ‘ट्रम्प’ १९५७ मध्ये दोन अंकांत आटोपले. मग चित्रकारांनी स्वतःच्या पैशांनी चालविलेले ‘हंबग’ अकरा अंक निघून १९५८ मध्ये थांबले. १९५९ मध्ये त्याने एकट्याने लिहून व रेखाटून ‘जंगल बुक’ हे पुस्तक काढले. त्यातील चार कथांत कचेऱ्यांतील लाचारी आणि लहान गावातील झुंडीचे क्रौर्य यांचे जे दर्शन घडते, ते त्याच्या उत्तम युद्धकथांच्या तोडीचे आहे. पुस्तक खपले नाही. तुटपुंज्या पैशांत चाललेल्या ‘हेल्प!’ (१९६०–६५) या मासिकात रॉबर्ट क्रम्ब आणि गिल्बर्ट शेल्टन या पुढे गाजलेल्या चित्रकारांना जागा मिळाली. टेरी गिलियम तेथे सहायक संपादक होता. एका छायाचित्रकथेच्या निमित्ताने त्याची जॉन क्लीझशी ओळख झाली, आणि ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळींच्या इतिहासाचा एक धागा तेथून निघाला.

अखेरीस १९६२ ते १९८८ अशी सव्वीस वर्षे त्याने आणि एल्डरने हेफ्नरच्या ‘प्लेबॉय’साठी ‘लिटल ॲनी फॅनी’ ही रंगीत मालिका केली. तिचे रंगकाम देखणे आहे, परंतु थट्टा बोथट आहे. हेफ्नर प्रत्येक आराखडा तपासून बारीकसारीक दुरुस्त्या सुचवी आणि कर्ट्झमनला पाने पुन्हा करावी लागत. जे त्याने सेव्हरिनसारख्यांच्या वाट्यास आणले, तेच त्याच्या वाट्यास आले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा न्याय पुरता नव्हे. कर्ट्झमनच्या दुरुस्त्या कथेच्या सत्यासाठी होत्या. येथील दुरुस्त्या मासिकाने विकावयास काढलेल्या सुखस्वप्नाला धक्का लागू नये यासाठी होत्या. ज्याने आयुष्यभर खोटी चित्रे उघडी पाडली, त्याला एक खोटे चित्र सांभाळण्याचे काम करावे लागले. नियंत्रण दोन्हीकडे सारखेच कडक होते. ते कशासाठी वापरले, यावर त्याचे मोल ठरले.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. चित्रकथेत संपादक हा लेखक ठरू शकतो. मात्र पानावर त्याची सत्ता किती आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. त्याच्याजवळ सांगण्याजोगे सत्य हवे, आणि ते सत्य अधिक समृद्ध करणारा दुसऱ्याचा हात ओळखण्याची नजर हवी. कर्ट्झमनजवळ ही दोन्ही होती. १९७३ पासून त्याने न्यूयॉर्कच्या ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स’मध्ये तरुणांना शिकविले, २१ फेब्रुवारी १९९३ रोजी त्याचे निधन झाले. त्याने स्थापन केलेले एकही मासिक त्याच्या मालकीचे राहिले नाही. तथापि ‘इमजिन’मधील त्या सहा पानांवर दुसऱ्या कोणाचा हक्क सांगता येईल, असे वाटत नाही.