लेबलावरचे नाव

जाफराबादेतील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी अलीकडे आमचे जाणे झाले. चहापान आटोपल्यावर गुरुजींनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जड तबकड्या तीत होत्या. बहुतेक हिंदी चित्रपटगीतांच्या, काही भावगीतांच्या. पेटीच्या तळाशी, वेष्टन हरवलेली, ४५ फेऱ्यांची एक लहान तबकडी निघाली. ती आमच्या हाती देत गुरुजी म्हणाले, ‘‘ही तुम्हीच घेऊन जा, फादर. हिच्यात गाणंच नाही. नुसतं वाजवलंय.’’

आम्ही लेबल वाचले. चित्रपटगीतांच्या धून होत्या, वाद्य इलेक्ट्रिक गिटार आणि वादक व्हॅन शिप्ली. पेटीतील इतर तबकड्यांची लेबलेही मग आम्ही एकामागून एक वाचली. चित्रपटाचे नाव होते, गायकांची होती, संगीतकाराचे होते. वाद्ये वाजविणाऱ्यांचे मात्र एकाही तबकडीवर नव्हते. ज्या तबकडीत ‘गाणे नाही’ म्हणून ती तळाशी गेली, त्याच एका तबकडीवर वादकाचे नाव होते. जुन्या गिटारच्या तबकड्या शोधाव्यात काय, आणि शोधल्यास कशासाठी, या प्रश्नाचा विचार आम्ही त्या लेबलापासून सुरू करू इच्छितो.

प्रथम वाद्याविषयी. ज्याला आपल्याकडे ‘हवाइयन गिटार’ म्हणतात, त्यालाच अमेरिकेत ‘स्टील गिटार’ म्हणतात. हे नाव गिटारच्या धातूवरून नव्हे, तर वादकाच्या डाव्या हातातील पोलादी कांडीवरून आले आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची, तारा पट्टीपासून उंच उचलावयाच्या आणि बोटांनी न दाबता त्यांवरून कांडी सरकवावयाची, अशी ही रीत. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली, असे मानले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले. तेथून या वाद्याच्या दोन वाटा झाल्या. एक टेक्सासच्या नृत्यशाळांकडे गेली व दुसरी कलकत्त्याच्या हॉटेलांमार्गे आपल्याकडे आली. सामोआ बेटांवर जन्मलेले ताउ मो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले व वाजवीत असत. त्या शहरात हवाइयन गिटार जी रुजली, तीत त्यांचा वाटा मोठा आहे.

टेक्सासकडची वाट आधी पाहू. १९३० नंतरच्या दशकात टेक्सास व ओक्लाहोमा या प्रांतांत गुराख्यांच्या वस्तीतील व्हायोलिनवादन आणि शहरी जॅझचा ठेका यांच्या मिलाफातून एक नृत्यसंगीत तयार झाले. त्याला पुढे ‘वेस्टर्न स्विंग’ हे नाव मिळाले. १९३५ च्या जानेवारीत शिकागो येथे मिल्टन ब्राउन यांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात बॉब डन यांनी विजेवर चालणारी स्टील गिटार वाजविली. ती हवाईसारखी संथ लाटांवर डुलत नाही. तुतारीसारखे तुटक, ठासून फेकलेले स्वर तीत आहेत. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदातील लिऑन मॅकऑलिफ या तरुणाने ‘स्टील गिटार रॅग’ ही धून मुद्रित केली. तिच्या संग्राहकांची आजही कमतरता नाही.

आमच्या मते या वाद्यवृंदाच्या तबकड्यांत स्वरांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट आहे. वादन सुरू असताना बॉब विल्स मध्येच मोठ्याने बोलतात आणि ज्याची पाळी आली त्या वादकाला नावाने हाक मारतात. ती हाक तबकडीत कायमची कोरली गेली. लेबल फाटले, पुसले, तरी लिऑन हे नाव ऐकू येतच राहते. नोकरीस ठेवलेल्या वादकाचा असा मान मालकाने ध्वनिमुद्रणातच राखावा, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. या धुनेचा पाया १९२३ साली सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाने मुद्रित केलेल्या ‘गिटार रॅग’मध्ये आहे. रचनाकार म्हणून नाव लागले ते मात्र मॅकऑलिफचे. एकाला हाक मारणाऱ्या तबकडीतच दुसऱ्याचे नाव गाडलेले असू शकते. म्हणून जुन्या तबकडीच्या अभ्यासकाने लेबल वाचावे, पण लेबलावर विसंबून राहू नये.

आता आपल्याकडची वाट. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजविणाऱ्यांत ख्रिस्ती वादकांची, विशेषतः गोमंतकीयांची, संख्या फार मोठी होती. नोटेशन लिहिणे व वाचणे ही त्या काळी बहुधा त्यांचीच विद्या. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे. त्यांनी प्रत्यक्ष काय वाजविले, काय लिहिले, हे त्या नावावर ठेका धरणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? या वादकांच्या कहाण्या ग्रेगरी बूथ यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र वाचावयास मिळतात. ते काम एका परदेशी अभ्यासकास करावे लागले, याची आम्हांस थोडी खंतही वाटते.

नाव न छापण्याची ही रीत गायकांनाही सुटली नव्हती. १९४९ सालच्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या मूळ तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. पुढे गायकांची नावे लेबलावर आली. वादकांची आली नाहीत. त्यांना स्वतःचे नाव मिळण्याची एक वाट होती, ती म्हणजे गाजलेल्या गीतांच्या धून वाजवून स्वतंत्र तबकडी काढणे. लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबात १९२७ साली जन्मलेले व २००८ साली मुंबईत निवर्तलेले व्हॅन शिप्ली, ॲकॉर्डियनवर त्यांना साथ देणारे आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स, हजारासिंग, कलकत्त्याचे सुनील गांगुली, कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, ही सारी नावे आज आपल्यापुढे आहेत ती मुख्यतः अशा तबकड्यांमुळे. ‘नुसते वाजवलेले’ असे म्हणून आपण जे बाजूस सारतो, ती या मंडळींची सही आहे.

येथवर आम्ही वकिलाच्या भूमिकेत होतो. आता परीक्षकाच्या भूमिकेत यावयास हवे. या सर्व तबकड्या चांगल्या आहेत काय? नाहीत. पुष्कळशा धून श्रोत्याच्या आठवणीवर जगतात. चाल वाजते, शब्द आपण मनात भरतो, आणि वादनाने दिलेला आनंद खरे तर मूळ गायकाचा असतो. काही ठिकाणी प्रत्येक स्वराच्या शेवटी कंप इतका गोड केला आहे की दुसऱ्या धुनेपर्यंत कंटाळा यावा. आमची कसोटी साधी आहे: ज्याने मूळ गीत कधी ऐकले नाही, त्याला ही तबकडी ऐकवावी. तो ऐकत राहिला, तर वादकाने काही दिले. उठून गेला, तर ती केवळ नक्कल.

या कसोटीस जे वादन उतरते, त्याचे मर्म मींडेत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे हा आपल्या गायनाचा प्राण. आपल्या देवळांतून आणि भजनांतून ठाण मांडून बसलेल्या पेटीला हे जमत नाही. तिचे स्वर एकमेकांपासून सुटे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली व ती सुमारे तीन दशके चालली. गिटारही पेटीइतकीच परकी. परंतु कांडी सरकताच तिचे परकेपण गळून पडते. चांगला वादक दोन ओळींमध्ये गायकासारखा श्वास घेतो, आणि शब्द नसतानाही ओळ कोठे संपली हे कळते. ब्रिजभूषण काबरा यांनी ही शक्यता ओळखून गिटारला रागसंगीतात बसविले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या एलपीत शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. या एलपीतील मेंढपाळाच्या दिवसाची कल्पना आम्हांस चित्रमय भेटकार्डासारखी वाटते. परंतु काबरांचा स्वर त्या चौकटीत मावत नाही, हेच तिचे भाग्य.

आणि मग दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, सेंट अँथनी सेमिनरीच्या ख्रिस्तराजा चॅपेलमध्ये, जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर हे एकत्र बसले व त्यांचे वादन मुद्रित झाले. त्या मुद्रणास १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आमच्यासारख्या सेमिनरीत वाढलेल्यास हे वाचून विशेष वाटते. ज्या दालनात ब्रदर लोकांनी मौन पाळावयाचे, तेथे दोन अनोळखी माणसे केवळ कांडीच्या सरकण्यातून एकमेकांशी बोलली. आवरणावर नावेही दोघांची आली.

आता शोधाविषयी थोडे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि मराठवाड्यातील जुन्या वाड्यांचे माळे, ही आमच्याकडची ठिकाणे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने व तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर यांनी या छंदाला अभ्यासाची शिस्त लावली. परंतु छंदात एक दोष शिरतो. ‘दुर्मीळ’ म्हणताच विक्रेता किंमत वाढवितो आणि संग्राहक कान बंद करतो. आम्हीही एकदा केवळ दुर्मीळ म्हणून एक तबकडी खिशाला न परवडणाऱ्या किमतीस घेतली आणि दोनदा ऐकून ठेवून दिली. दुर्मीळपणा हा तबकडीचा अपघात आहे, गुण नव्हे. उलट लोक जी फुकट देऊन टाकतात, तीत एखाद्या माणसाचे सारे आयुष्य असू शकते.

दुसरी काळजी आजची आहे. हल्ली जुन्या धून मोबाइलवर सहज ऐकावयास मिळतात, हे चांगलेच. पण पुष्कळदा त्यांवर लिहिलेले असते ते चित्रपटाचे नाव आणि नायक-नायिकेचे छायाचित्र. वादकाने कष्टाने मिळविलेले नाव तबकडीवरून उतरताना पुन्हा गळून पडते. म्हणून ज्यांच्या घरी अशी तबकडी असेल, त्यांना आमची विनंती इतकीच: लेबलावरील सर्व मजकूर, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांकही, एका कागदावर उतरवून ठेवावा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. आणि ४५ फेऱ्यांची तबकडी पोलादी सुईच्या जुन्या फोनोवर लावू नये, एका फेरीतच तिच्या बारीक रेषा खरवडल्या जातात.

गुरुजींची ती तबकडी आम्ही नेली, पण ऐकून परत आणण्याच्या बोलीवर. पुढच्या भेटीत आमचे लहान यंत्र बरोबर नेले आणि त्यांच्या ओसरीवर ती लावली. आरंभी खरखर झाली, मग चाल सुरू झाली. गुरुजींनी लगेच ओळखली व ओठांतल्या ओठांत शब्द म्हणू लागले. त्यांची नात दप्तर घेऊन आत चालली होती, ती उंबऱ्याशी थांबली. ते गीत तिने कधी ऐकलेले नव्हते.

‘‘आजोबा, कोण गातंय?’’ तिने विचारले.

गुरुजींनी चष्मा लावला, फिरणारी तबकडी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लेबलावरचे नाव तिला वाचून दाखविले. ती तबकडी आता त्यांच्याच घरी आहे, नव्या पाकिटात. पाकिटावर वादकाचे नाव नातीच्या अक्षरात लिहिले आहे.